रोज पंधरा मिनिटं: येशूच्या वचनांवर चिंतन-प्रार्थना करण्याची एक साधी रीत

सकाळी साडेसहाला मोबाईल उघडला की धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या पॅरिशच्या ग्रुपवर, आतेभावंडांच्या ग्रुपवर, सोसायटीतल्या ख्रिस्ती मंडळींच्या ग्रुपवर वचनं येऊन पडलेली असतात. कुणी सूर्योदयावर छापलेलं, कुणी गुलाबावर, कुणी कबुतरावर. एकदा लोकलमध्ये मोजली, अकरा निघाली. नायगाव यायच्या आत अकराही वाचून सगळीकडे हात जोडून झाले होते. अंधेरीला उतरताना सहज मनाला विचारलं, यातलं एक तरी आठवतंय का? एकही आठवेना. येशू दाखले सांगायचा ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात कुसळासारखे रुतून बसावेत म्हणून, आणि माझ्या डोक्यात अकरा वचनं म्हणजे पाण्यावरची रेघ.

पुढे सांगतोय ती रीत त्यानंतरच्या काही वर्षांत घासूनपुसून तयार झाली. मी धर्मगुरू नाही, कचेरीत टपाल आणि फायली सांभाळणारा माणूस आहे. रीतही माझी नाही. बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका कार्थुसियन मठवासीयाने तिला चार पायऱ्यांची शिडी म्हटलं: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापाशी नुसतं थांबणं. मी त्या शिडीला खालून एक पायरी जोडली, जमिनीला टेकणारी. त्या वचनातून त्याच दिवशी करायचं एक काम. ती पायरी नसेल तर बाकीच्या चार हवेत लोंबकळतात, हा माझा अनुभव.

वेळ आणि जागा

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचं लिहिलंय (१:३५). ते वाचून एका उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, मी जोशात चारचा गजर लावला. नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी दुपारी जावक रजिस्टरवर डोकं टेकून झोपलो आणि साहेबांनी उठवलं. येशूचं अनुकरण घड्याळाच्या काट्यात करायचं नसतं, हे तेव्हा कळलं.

वेळ अशी निवडा की ती आधीच चालू असलेल्या एखाद्या सवयीच्या शेपटीला बांधता येईल. माझी आंघोळीच्या आधीची, ओट्याजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरची. बायको डबे भरून झाले की बसते. रात्रपाळीवाल्याने घरी आल्यावर, झोपायच्या आधी बसावं. त्याची पहाट तीच. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. सुरुवातीला सात-आठही चालतील, पण पहिले तीन महिने पंधराच्या वर जाऊ नका. उत्साहात तास-तासभर बसणारे महिन्याभरात बसायचे बंद होतात. हे मी स्वतःवरूनही सांगतोय आणि आमच्या प्रार्थनागटातल्या निम्म्या लोकांवरूनही.

जागा एकच ठेवा. मेणबत्ती, क्रूस असला तर छान, नसला तरी अडत नाही. फोन मात्र दुसऱ्या खोलीत. बायबल ॲपवरच वाचत असाल तर आधी नेट बंद करा, नाहीतर पर्वतावरचं प्रवचन चालू असताना वरून दूधवाल्याचा मेसेज डोकावतो आणि तुम्ही धन्य व्हायच्या ऐवजी हिशेब करत बसता.

काय वाचायचं

चारही शुभवर्तमानं मिळून ८९ अध्याय होतात: मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २१. रोज एक अध्याय वाचला तर तीन महिन्यांत येशूचं सगळं चरित्र वाचून होतं. पहिल्यांदा तसं एकदा वाचून काढाच, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं. पण ते झालं वाचन. चिंतनासाठी अख्खा अध्याय जड जातो, आठ-दहा वचनांचा एकच प्रसंग किंवा एकच दाखला घ्या.

सुरुवात मार्कपासून करा. तो सर्वांत लहान आहे आणि धावत्या पायांनी सांगतो. त्यानंतर मत्तय ५ ते ७, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन. सगळी मिळून १११ वचनं, पण मला एकदा ती पुरी करायला चार महिने लागले, कारण ‘उजव्या गालावर मारलं तर दुसरा पुढे कर’ इथे मी तीन आठवडे अडकून होतो. तिसरा मुक्काम लूकचा पंधरावा अध्याय: हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला मुलगा. शेवटचा दाखला वाचताना सगळे उधळ्या पोरात स्वतःला पाहतात. नियमाने मिस्साला किंवा उपासनेला जाणाऱ्यांनी कधीतरी दारात रुसून उभ्या राहिलेल्या थोरल्या भावात पाहावं.

कॅथलिकांना तयार सोय आहे, त्या दिवसाच्या मिस्साचं शुभवर्तमान. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेरीत मत्तय, मार्क, लूक अशी फिरतात आणि उपासनावर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या आधी चार रविवार, सुरू होतं. सामान्यकाळात, म्हणजे सणांचे आणि उपवासाचे काळ सोडून उरलेल्या दिवसांत, रविवार सोडून इतर वारी आधी मार्क, मग मत्तय, मग लूक असा क्रम दरवर्षी तोच असतो. याचा फायदा असा, की तुम्ही स्वयंपाकघरात वाचलेला उतारा त्याच दिवशी जगभरच्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये वाचला जातो. आवडीचा उतारा निवडण्याची पळवाटही बंद होते. नावडते उतारे समोर येतातच.

एक गोष्ट करू नका. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट टेकवायचं आणि लागलं ते वचन देवाचा आजचा निरोप समजायचं. ही लॉटरी झाली. येशू लोकांशी संपूर्ण गोष्टींतून बोलला, त्याच्या गोष्टीला मागचं-पुढचं असतं.

भाषांतर कुठलं, हा प्रश्न मराठीत नेहमी येतो. घरात असेल ते घ्या, जमलं तर दोन ठेवा. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ कानात बसलेलं असतं, पण ओळखीच्या शब्दांवरून डोळा घसरत जातो. वाक्याला जरा वेगळं वळण दिसलं की आपण थांबतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, एकटीने संपूर्ण बायबल मराठीत आणलं. साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते १९२४ मध्ये छापून आलं. वाचणाऱ्याला समजलं पाहिजे एवढ्यासाठी एखादी बाई आयुष्याची वर्षं घालवते, तर आपण निदान न कळलेला शब्द ओलांडून पुढे जाऊ नये.

एक उतारा हातात घेऊन पाहू

नुसती रीत सांगून काही कळत नाही, म्हणून मत्तय २०:१-१६ घेतो. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. मालक पहाटेपासून संध्याकाळी पाचपर्यंत वेगवेगळ्या वेळी मजूर लावतो, शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो आणि पहाटेचे कुरकुरतात.

पहिल्यांदा मोठ्याने वाचा. लाजू नका, घरातले दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी सवय होईल. येशूची वचनं आधी ऐकली गेली आणि मग लिहिली गेली, कानातून आली की ती वेगळी लागतात. दुसऱ्यांदा अगदी सावकाश, आणि जिथे मन अडकेल तिथे थांबा. एखादा शब्द, एखादी हालचाल. माझं मन त्या दिवशी एका उत्तरावर अडकलं. दिवस मावळायला तासभर राहिलाय आणि मालक चौकात उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही.

आता पुस्तक मिटा आणि गोष्ट स्वतःच्या शब्दांत स्वतःलाच सांगा. या पायरीला बहुतेक लोक टाळाटाळ करतात, आणि खरी फळं हीच देते, कारण सांगताना आपण जिथे चुकतो तिथेच आपलं दुखणं असतं. मी गोष्ट सांगितली ती अशी: पहाटेच्या मजुरांना मालकाने ठरल्याप्रमाणे एक दीनार दिला, मग नऊवाल्यांना, बारावाल्यांना, तीनवाल्यांना आणि शेवटी पाचवाल्यांनाही तेवढाच. परत उघडून पाहिलं तर क्रम उलटा. शेवटी आलेल्यांना आधी दिलंय. पहिल्यांना आधी दिलं असतं तर ते पैसे कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते, कुरकुर झालीच नसती. मालकाने मुद्दाम त्यांना उभं ठेवून पाहायला लावलं. दहा-बारा वर्षं हा दाखला ऐकत आलो होतो आणि हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग त्या जागी जाऊन उभे राहा. पॅलेस्टाईनचा द्राक्षमळा डोळ्यांसमोर येत नसेल तर कामगार नाका आणा. सकाळी सातला पुलाखाली थापी, करवत, रंगाचे ब्रश घेऊन उभी असलेली माणसं. ठेकेदार येतो, बोट करून चारजणांना टेम्पोत घालतो. तरणे, धट्टेकट्टे आधी जातात. अकरा वाजेपर्यंत उरतात ते म्हातारे, लंगडणारे, नवखे, आणि मग तेही पाय ओढत घरी जातात. दाखल्यातले लोक संध्याकाळी पाचपर्यंत उभेच होते. घरी काय तोंड दाखवायचं म्हणून असेल. एक दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, त्यात घरचं एक दिवस भागणार. मालकाने तासाभराची मजुरी दिली असती तर ती न्यायाने बरोबर होती आणि रात्री पोरं उपाशी झोपली असती. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, हा नियमशास्त्रातला नियम (अनुवाद २४:१५) हा दाखला ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा असणार.

पंधराव्या वचनात मालक विचारतो, त्याचे मूळ ग्रीक शब्द जवळजवळ असे होतात: मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे का? आपल्या मराठीत याला नेमका वाक्प्रचार आहे. दुसऱ्याचं चांगलं डोळ्यात खुपतं.

आणि मग प्रश्न: यात मी कोण? मला उत्तर शोधावं लागलं नाही. सव्वीस वर्षं नोकरी झाली होती आणि आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेल्या एका मुलाला बढतीत माझ्या बरोबरीला आणून बसवलं होतं. मी पहाटेचा मजूर, उन्हातान्हात भाजलेला, कपाळाला आठ्या घालून रांगेत उभा.

बोलायचं कसं

इथून पुढे प्रार्थना, आणि ती वेगळी ‘करायची’ नसते. वाचताना जे वर आलं तेच बोलायचं. त्या दिवशीची माझी प्रार्थना जशीच्या तशी सांगतो: ‘प्रभू, मला त्याचं खुपतंय. खोटं कशाला बोलू? तू म्हणशील तुझं काय कमी झालं. कमी काही झालं नाही, तरी खुपतंय. माझ्याने हे निघत नाही, तू काढ.’ संपली.

ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता त्याच भाषेत बोला. वसईत कुणाची कादोडी, कुणाची वाडवळी, नगरकडे कुणाची नगरी. आपण प्रार्थनेला बसलो की एकदम प्रवचनाच्या मराठीत शिरतो, ‘हे परमदयाळू, सर्वसमर्थ, आम्ही तुजपुढे नम्र भावाने…’, आणि तेवढ्या वेळात खरं गाऱ्हाणं खिडकीतून पळून जातं. मराठीत आईला आणि देवाला वय-मान न पाहता ‘तू’ म्हणतात. तो हक्क वापरा. ‘आपण’ म्हणून केलेली प्रार्थना मला रजेच्या अर्जासारखी वाटते.

शब्द सुचत नसतील तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आहेच. मात्र ती भरधाव म्हणू नका. परंपरेने तिच्यात सात मागण्या मोजतात, आठवड्याचे वारही सात. रोज एका मागणीवर रेंगाळा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही बुधवारी माझ्या वाट्याला येते. त्यात ‘मी’ नाही, ‘माझी’ नाही. पूर्ण प्रार्थनेतच नाही. ‘आमची’ म्हटलं की त्यात नाक्यावरचा तो मजूर आला, आणि बढती मिळालेला मुलगाही आला. ‘रोजची’ ज्या शब्दावरून आलंय तो ग्रीक शब्द इतका दुर्मीळ आहे की त्याचा नेमका अर्थ काय यावर विद्वान अजून वाद घालतात. आपल्या भाषांतरकारांनी तिथे भाकर ठेवली, हे मात्र मला फार आवडतं. भाकरी सकाळची संध्याकाळी कडक होते, साठवून ठेवायची वस्तूच नव्हे ती.

माझे सासरे नगर जिल्ह्यातल्या जुन्या प्रॉटेस्टंट घरातले. त्यांची उत्स्फूर्त प्रार्थना आजारी शेजाऱ्यापासून निघून तालुका, जिल्हा, देश करत यरुशलेमपर्यंत जायची आणि चहावर साय धरायची. मी जपमाळेत वाढलेला, एका दमात दहा ‘नमो मारिया’ म्हणणारा. सुरुवातीला आम्ही एकमेकांच्या प्रार्थनेला मनातल्या मनात हसत होतो. आता मला वाटतं, दोन्ही लागतात. आपले शब्द आटले की पाठातले धरायचे, पाठातले बोथट झाले की आपले काढायचे. आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन ही आपली घरची चालही ख्रिस्ती प्रार्थनेला दिली आहे. गळा असेल तर एखादं भजन गा, माझा नाही.

थांबणं

बोलून झालं की दोन मिनिटं काहीच करायचं नाही. मागायचं नाही, आठवायचं नाही, काही ऐकू येईल म्हणून कान टवकारायचे नाहीत. मन पळेल, पळू द्या. लक्षात आलं की लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराचं एवढंसं वाक्य घ्या, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’, श्वासाच्या लयीत दोनदा म्हणा आणि पुन्हा गप्प. मन पन्नास वेळा पळालं तर पन्नास वेळा परत आणायचं, त्यालाच प्रार्थना म्हणायचं. हे वाक्य गर्दीतही चालतं. बोरिवलीपर्यंत एका पायावर उभं राहून पुस्तक उघडता येत नाही, पण तेवढे शब्द घोळवता येतात.

दिवसाचं एक काम

खुर्चीवरून उठायच्या आधी ठरवा: आज या वचनावरून मी कोणासाठी, काय, कधी करणार? ‘मी जास्त प्रेमळ होईन’ हे काम नव्हे. कामात माणसाचं नाव पाहिजे आणि ते रात्रीपर्यंत होण्यासारखं पाहिजे. मजुरांच्या दाखल्याच्या दिवशीचं माझं काम होतं, त्या मुलाला जुन्या फायलींच्या नोंदी कशा शोधायच्या ते दाखवणं. ती युक्ती मला एकट्यालाच येत होती आणि मी ती मुद्दाम दाबून ठेवली होती. अर्धा तास लागला. तो फारसा खूशही झाला नाही, त्याला ते काम कंटाळवाणं वाटलं. असू दे.

कधी कधी काम फार मोठं निघतं. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी हे वाचलं तेव्हा वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावरून दादाशी दीड वर्षं बोलत नव्हतो. त्याआधी मी काय केलं होतं तर क्षमेवरचं एक वचन, कबुतराच्या चित्रासकट, फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, त्याला टोमणा म्हणून. वचन दुसऱ्याला मारायला वापरायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. फोन करायला पुढे अकरा दिवस गेले. रोज तोच उतारा वाचायचो, कारण पुढे जायचा मला हक्कच वाटेना. केला तेव्हा दादा म्हणाला, आईच्या गोळ्या संपल्यात, येताना वसईतून घेऊन ये. विहिरीचं नाव आजतागायत निघालेलं नाही.

म्हणून सांगतो, मोठं काम समोर आलं तर त्याची पहिली पायरी त्या दिवसाची करा. नंबर शोधून ठेवणं हेही काम आहे.

क्षमेच्या उताऱ्यांबद्दल थोडं

इथे माणसं फार अडकतात, म्हणून वेगळं लिहितो. मत्तय १८:२१-३५ मधल्या दाखल्यात एका चाकराला राजाचं दहा हजार टॅलेंटचं कर्ज माफ होतं आणि तो बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हिशेब करून पाहा. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दीनार, म्हणजे सहा हजार दिवसांची मजुरी. दहा हजार टॅलेंट म्हणजे सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. ऐकणारे हसले असतील, इतका आकडा अवाच्या सवा आहे. पण दुसरी रक्कमही नीट पाहा. शंभर दीनार म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी. ती काही क्षुल्लक नाही. तुमचं जे नुकसान झालंय ते खरं आहे, हे येशूने दाखल्यात मान्य केलंय. ‘त्यात काय एवढं’ असं तो म्हणत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही कुणी ‘ऋण’ म्हणतं, कुणी ‘अपराध’. मला ऋण जवळचं वाटतं, कारण ऋण सोडताना आकडा माहीत असावा लागतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला हा उतारा दाखवून ‘क्षमा कर आणि नांद’ असं सांगणं म्हणजे वचनाचा गैरवापर आहे. सुरक्षित जागी जाणं, मदत मागणं, तक्रार करणं हे आधी. क्षमा हा मनाचा प्रवास आहे, तो सुरक्षित जागेतूनही करता येतो.

रात्रीची पाच मिनिटं

गोव्यात ज्यांचं शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरचे सोबती आणि गुरू इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाची उजळणी करायची एक रीत घालून दिली. पाच टप्पे: आभार, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने पाहणं, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी कृपा. मी अंथरुणावर पाठ टेकून करतो आणि निम्म्या वेळा तिसऱ्या टप्प्यावर झोप लागते. तरी एवढं पाहायचंच: सकाळचं काम झालं का? नसेल तर कशाने राहिलं? स्वतःला झोडपायचं नाही, टपालाची नोंद करावी तसं पाहायचं. आणि आभार ठोस असू दे. ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ नको. ‘चर्चगेटला बसायला जागा मिळाली, बोंबील ताजे मिळाले, धाकटीचा ताप उतरला’ असं.

साधी दोनशे पानी वही ठेवा. तारीख, उतारा, अडकलेला शब्द, काम. चार ओळी. माझ्या वहीत गेल्या वर्षी ‘उद्या’ हा शब्द चौतीस वेळा सापडला. तेव्हा कळलं की मत्तय ६:३४, उद्याची चिंता करू नका, हे वचन मी सोयीस्करपणे काम पुढे ढकलायला वापरत होतो.

अडचणी

कोरडेपणा येतोच. आठवडेच्या आठवडे वचन वाळक्या पानासारखं वाटतं. तेव्हा वेळ वाढवू नका, घटवा. पाच मिनिटं, एक वचन, पण खुर्ची सोडू नका. मात्र झोप उडाली, भूक मेली, जगणं नकोसं वाटू लागलं तर तो कोरडेपणा समजू नका. डॉक्टरकडे जा आणि प्रार्थनाही चालू ठेवा, दोघांत भांडण नाही.

एखादं वचन वाचून राग आला तर चांगलंच. ‘शत्रूंवर प्रीती करा’ वाचून ज्याला काहीच वाटत नाही त्याने ते वाचलेलं नाही. राग देवाला सांगा, उतारा बदलू नका.

दिवस चुकले तर भरपाई करत बसू नका. पाच दिवसांचे पाच उतारे रविवारी उरकायचे नाहीत, आजचा घ्या.

घरात मुलं असतील तर संध्याकाळी एकच प्रसंग, तोही वाचून नको, सांगून. मग प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. आमच्या धाकटीने एकदा ‘देवा, बाबांना लवकर आमेन म्हणायला शिकव’ अशी प्रार्थना केली होती, आणि ती ऐकली गेली. उपवासकाळात आम्ही शुक्रवारी चिंतनाऐवजी क्रुसाच्या वाटेला जातो. येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानं पायांनी चालायची, तेच त्या दिवसाचं मनन.

उद्या सकाळसाठी

बायबलमध्ये आत्ताच खूण घालून ठेवा: मार्क ४:३५-४१. वादळ शमवल्याचा प्रसंग. गालीलचा समुद्र म्हणतात तो खरं तर गोड्या पाण्याचा तलाव, साधारण २१ किलोमीटर लांब आणि १३ रुंद. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कुणाला होडी, लाट आणि गलबताच्या मागच्या अंगाला डोकं टेकून झोपलेला थकलेला माणूस हे काही समजावून सांगायला नको. येशूच्या डोक्याखाली उशी होती, हे फक्त मार्क सांगतो.

तुम्ही ३६ व्या वचनाच्या शेवटी थांबा. तिथे लिहिलंय की त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं ते मार्क सांगत नाही. वादळ त्यांच्यावरही आलं असणार, आणि त्यांच्या होडीत येशू नव्हता. आज तुमच्या आसपास ती दुसरी होडी कुणाची आहे, त्याचं नाव वहीत लिहा आणि मग आंघोळीला जा.